सायबरपंक २०७७: डागडुजी झाली, पण कोणासाठी?



अर्धवट माल 'गो-लाइव्ह' करायचा आणि मग वर्षभर पॅच मारत बसायचं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऑफिसात पाहिलंय. म्हणूनच 'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेमबद्दल लिहावंसं वाटलं. २०२० मध्ये मी तो पीसीवर खेळलो होतो. आता सगळे अपडेट टाकून पुन्हा पहिल्यापासून खेळलो.

थोडी पार्श्वभूमी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने २०१२ मध्ये हा गेम जाहीर केला. तारीख तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० ला तो आला. कन्सोलवर स्थानिक मध्यरात्री सुरू होणार होता, म्हणजे आपण न्यूझीलंडकर सगळ्यांच्या पुढे! इतर देशांतले काही हौशी तर एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्ये देश म्हणून न्यूझीलंड टाकून बसले होते :-)

पण प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम धड चालेना. आठ दिवसांत सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत ठेवला तो थेट जून २०२१ मध्ये.

आता काय बदललं? सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने कायापालट केला. पूर्वी गुन्हा केला की पोलीस पाठीमागे हवेतून प्रकट व्हायचे. आता ते गाड्या घेऊन रीतसर पाठलाग करतात. कौशल्यांची रचनाही नव्याने केली आहे. त्याच महिन्यात इद्रिस एल्बा असलेला 'फँटम लिबर्टी' हा वेगळे पैसे मोजून घ्यायचा भाग आला. डिसेंबर २०२३ च्या २.१ मध्ये मेट्रो सुरू झाली, १९ स्टेशनांची. आपल्या टौरंगात प्रवासी रेल्वे २००१ मध्येच बंद झाली, त्यामुळे मुंबईकराने खिडकीशी बसायची हौस नाइट सिटीत भागवावी!

गोष्ट मात्र तीच आहे. व्हीच्या डोक्यात एक चिप, त्या चिपमध्ये जॉनी सिल्व्हरहँड या मेलेल्या रॉकस्टारचं मन, आणि ते हळूहळू व्हीलाच पुसून टाकतंय. किआनू रीव्ह्जचा जॉनी पहिल्या दिवसापासून उत्तम होता. गोंधळात तो झाकला गेला, इतकंच.

खटकतं ते पुढेच. २.० अपडेट प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आलंच नाही. म्हणजे ज्यांनी सर्वात जास्त सोसलं, त्यांना खरी दुरुस्ती हवी तर नवं मशीन घ्या! कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की टीमला दोष देऊ नका, निर्णय वरिष्ठांचा होता. हे बोलायला धैर्य लागतं, मान्य. पण वरच्यांनी ठरवायचं आणि पहिल्या गिऱ्हाइकांनी टेस्टिंग करायचं, हा हिशेब काही बरोबर नाही.

असो. नवं कन्सोल किंवा दणकट पीसी असेल तर बेलाशक घ्या. गेम प्रौढांसाठी आहे, मुलं झोपल्यावरच लावा. आणि लक्षात असू द्या: इथल्या १९९३ च्या कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्टमध्ये सॉफ्टवेअरही 'माल' धरलेलं आहे. पुढच्या वेळी कोणी अर्धवट गेम गळ्यात मारला, तर गप्प बसू नका.

तुमचे अनुभव जरूर कळवा.

आपला,
एक टौरंगाकर