फिरती फळी आणि शेजारधर्म

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोकियोच्या उत्तुंग इमारती, भरधाव आगगाड्या आणि साकुराच्या फुलांनी बहरलेली उद्याने उभी राहतात. परंतु श्रोतेहो, एका बाजूला डोंगर व दुसऱ्या बाजूला समुद्र, यांच्या बेचक्यात वसलेली जपानची छोटी गावे हाही त्या देशाचाच एक चेहरा आहे. तो पाहावयाचा तर एका अगदी साध्या वस्तूपासून आरंभ करावा लागेल.

ती वस्तू म्हणजे 'काइरानबान', अर्थात फिरती फळी. गावातील प्रत्येक आळीचे एक मंडळ असते, त्यास 'चोनाइकाइ' म्हणतात. त्याच्या पोटात दहा-वीस घरांचे लहान गट असतात. गटारे कोणत्या रविवारी साफ करावयाची, देवळाच्या उत्सवाची वर्गणी किती, शाळेचे क्रीडासंमेलन केव्हा, असे कागद या फळीला लावतात. घरधन्याने ते वाचावे, आपल्या नावापुढे खूण करावी वा शिक्का उमटवावा आणि फळी शेजारच्या घरी नेऊन द्यावी. वरवर पाहता ही केवळ सूचना पोहोचविण्याची युक्ती. परंतु तिच्यामुळे शेजाऱ्याच्या दाराशी जावे लागते. एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचे दार उघडले नाही, तर ते कोणाच्या तरी ध्यानात येते. टपालाने अथवा दूरध्वनीने हे साधणार नाही.

शेजाराची व्याख्याही जपानी म्हणीने ठरवून दिली आहे : समोरची तीन घरे आणि उजवी-डावीकडचे एकेक घर. नव्या घरात बिऱ्हाड थाटणारा माणूस पूर्वी या घरांना 'सोबा' नावाच्या शेवया वाटीत असे. 'सोबा' या शब्दाचा दुसरा अर्थ 'जवळ' असा आहे. 'आम्ही आपल्या जवळ राहावयास आलो आहोत' हे सांगण्याची ही गोड रीत. आता शेवयांची जागा पंचाने वा मिठाईने घेतली आहे.

दिवसाचा क्रमही असाच सामुदायिक. १९२८ साली सुरू झालेला नभोवाणीवरील व्यायामाचा कार्यक्रम आजही सकाळी साडेसहाला लागतो. उन्हाळी सुटीत मुले गळ्यात एक पत्रिका अडकवून मैदानावर जमतात आणि हजेरीचा शिक्का घेऊन घरी परततात. कचरा ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी आणि निरनिराळा करून ठेवावयाचा असतो. कावळ्यांनी तो विसकटू नये म्हणून वर जाळे पसरतात आणि त्या जागेच्या साफसफाईची पाळी घरोघर फिरते. सायंकाळी कित्येक गावांत खांबांवरील कर्ण्यांतून एखाद्या परिचित गीताची धून वाजते. मुलांना ती घरी परतण्याची खूण वाटते, परंतु भूकंप-त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणा चालू आहे की नाही, याचीही ती दररोजची परीक्षा असते.

या व्यवस्थेचे मोल कळले ते १७ जानेवारी १९९५ रोजी. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे व आवाजी बेटाचा परिसर ७.३ प्रतीच्या भूकंपाने हादरला. या आपत्तीत एकंदर ६,४३४ माणसे दगावली. भूकंपाचे केंद्र आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ होते, आणि तेथेच होकुदान नावाचे छोटे गाव होते. तेथील सुमारे ३०० माणसे पडक्या घरांखाली गाडली गेली. त्यांना बाहेर काढले ते शेजाऱ्यांनी आणि गावच्या 'शोबोदान'ने. शोबोदान म्हणजे स्वयंसेवकांचे अग्निशमन पथक. त्यातील माणसे शेतकरी, कोळी, दुकानदार अशीच असतात. कोणत्या घरात कितीजण राहतात, इतकेच नव्हे तर आजोबा कोणत्या खोलीत निजतात, हेही त्यांस ठाऊक होते. म्हणून ढिगारा कोठे उपसावा, याचा शोध घेण्यात वेळ गेला नाही. त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी गावातील प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा लागला होता. गावाने ३९ जीव गमावले. शेजाऱ्यांची ही माहिती नसती, तर तो आकडा कोठे गेला असता याची कल्पनाच करावी.

मात्र या नाण्याला दुसरी बाजू आहे. जो शेजार आपणास सांभाळतो, तोच आपल्यावर नजरही ठेवतो. तोकुगावा राजवटीत पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या अपराधाचा जाब सर्वांना विचारीत. १९४० साली युद्धकालीन सरकारने शेजारगट देशभर सक्तीचे केले. शिधावाटप, विमानहल्ल्यांपासून बचाव आणि लोकांवर पाळत ही तिन्ही कामे त्यांच्याकडून करवून घेतली. याच कारणास्तव दोस्तांच्या अंमलात, १९४७ साली, त्यांवर बंदी आली. १९५२ मध्ये जपान पुन्हा स्वतंत्र झाल्यावर ती उठली आणि मंडळे नव्याने, या वेळी ऐच्छिक म्हणून, उभी राहिली. आपल्याकडील 'वाळीत टाकणे' याला जपानीत 'मुराहाचिबु' असा शब्द आहे. त्याचा लौकिक अर्थ असा सांगतात की, दहांपैकी आठ व्यवहार तोडावयाचे. आग आणि अंत्यविधी या दोन प्रसंगी मात्र बहिष्कृताच्याही दाराशी जावयाचे. या शिक्षेत क्रौर्य आहे खरे, परंतु शेजारधर्माची शेवटची मर्यादा कोठे आहे, हेही तीत दिसते.

आज प्रश्न निराळाच आहे. तरुण शहरांकडे गेले आणि गावे वृद्ध झाली. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत स्वयंसेवक अग्निशामकांची संख्या वीस लाखांच्या घरात होती. २०२२ साली ती आठ लाखांच्याही खाली उतरली. मंडळाचे काम म्हणजे लोढणे, असे म्हणणारी कुटुंबेही वाढत आहेत. सूचना आता दूरध्वनीच्या पडद्यावर क्षणार्धात येतात, त्यासाठी फळीची गरज उरलेली नाही.

सूचना येतील, पण शेजारचे आजोबा कोणत्या खोलीत निजतात, हे त्या पडद्यावर कसे कळावे? होकुदान हे गाव २००५ साली आवाजी नगरात विलीन झाले. तेथील भूमीला पडलेली भेग एका संग्रहालयात जतन करून ठेवली आहे. शेजाऱ्यांची ती ओळख मात्र संग्रहालयात ठेवता येत नाही. ती घरोघर फिरावी लागते आणि फळी हाती घेऊन कोणीतरी दारापर्यंत चालत जावे लागते.