इंजिनाला तोलणारं रबर

बॉनेट उघडं आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर घट्ट आहे. पहिला गिअर टाकून त्याने क्लच जरासा उचलला की बाजूला उभं राहून (समोर कधीच नाही) बघा. अख्खं इंजिन गिअरबॉक्ससकट एका अंगावर कलतं आणि क्लच दाबताच परत जागेवर येतं. गाडी मात्र तसूभरही हललेली नसते. एवढं धूड तोलून धरतात ते मुठीएवढ्या रबराचे तीन-चार तुकडे. गॅरेजात त्यांना माउंटिंग म्हणतात.

त्यांच्यावर येणारा जोर पाहिला की थक्क व्हायला होतं. समजा, लहान पेट्रोल इंजिनाचा टॉर्क 110 न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण चौदापट करतात, म्हणजे चाकांपर्यंत दीड हजारांहून जास्त पोचतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आडवं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे चाकांना जेवढा पीळ बसतो, तेवढाच उलटा पीळ या सगळ्या जोडणीला बसतो आणि तो माउंटिंगनेच सोसायचा असतो.

त्यासाठी रबर कडक हवं. पण तीच गाडी सिग्नलला उभी राहते, इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर येतं, आणि चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला सुमारे 27 स्फोट होत राहतात. ती थरथर सीटपर्यंत पोचू द्यायची नसेल तर रबर मऊ हवं. दोन्ही मागण्या एकाच तुकड्याकडून!

यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. अनेक गाड्यांचं कंपनीचं माउंटिंग उजेडाला धरलं तर रबरात आरपार फटी दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, फाटलंय. पण त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. बारीक थरथर असते तोवर रबराचे पाय मोकळेपणाने लवतात. मोठा झटका आला की फट मिटते, रबर रबराला टेकतं आणि तोच तुकडा एकदम कडक होतो.

माउंटिंग ‘अपग्रेड’ करताना बहुधा याच फटींमध्ये पॉलियुरेथेनचे इन्सर्ट बसवतात. इंजिन कमी डोलतं, गिअर नेमका पडतो, ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उत्तर देते. बदल्यात स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरू लागतात, एसी लावल्यावर जास्तच.

गाड्यांच्या इतिहासात ही ओढाताण दोन्ही टोकांना जाऊन आली आहे. 1931 साली क्रायस्लरने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. इंजिन रबरावर असं तोललं, की ते स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती डोलेल. सित्रोएनने त्याचे हक्क घेतले आणि आपल्या गाड्यांवर पोहणारा हंस मिरवला. उलट, 1967 च्या लोटस 49 रेसिंग कारमध्ये कॉलिन चॅपमनने रबराला जागाच ठेवली नाही. कॉसवर्थ इंजिन थेट सांगाड्याला बोल्टने जोडलं आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सलाच टांगलं. इंजिन हाच सांगाडा! झांडवूर्टला या गाडीची पहिलीच शर्यत जिम क्लार्कने जिंकून दाखवली.

रोजच्या गाडीत आधी जुनी, बसलेली माउंटिंग काढून कंपनीचीच नवी घालावीत, असं माझं ठाम मत आहे. पुष्कळदा हवा असलेला नेमकेपणा तेवढ्यानेच परत मिळतो. तरी पुढे जायचंच असेल, तर फक्त खालच्या टॉर्क रॉडचा बुश कडक करा. इंजिनाचं वजन मुख्यतः बाकीच्या माउंटिंगवर असतं. टॉर्क रॉडचं काम डोलणं रोखण्याचं. तरीही थोडी थरथर वाढेलच.

पोर्शच्या 911 जीटी3 मध्ये मात्र ही निवड गाडी स्वतःच करू लागली. तिच्या माउंटिंगमध्ये लोहकण मिसळलेला द्रव असतो. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की कण साखळीसारखे जुळतात आणि द्रव घट्ट होतो. गाडी संथ चालत असेल तर माउंटिंग मऊ, आणि जोरात वळण घेतलं की त्याच क्षणी कडक.