काळ्या पाण्याच्या किनाऱ्यावर

नाशिककरांस ‘अंदमान’ हा शब्द नवा नाहीं. जवळच्याच भगूर गांवचे दोघे सावरकर बंधु तेथील कोठड्यांत होते. बाबारावांस १९०९ सालीं जन्मठेपेची शिक्षा झाली. विनायकराव १९११ च्या जुलैंत तेथें पोंचले. आणि १९२१ सालीं दोघांसही तेथून परत हिंदुस्थानांत आणण्यांत आलें. समुद्रगमन केल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे त्या काळीं ‘काळें पाणी’ म्हणजे देहाबरोबर जातीचाही अंत वाटे. त्याच पाण्यावर आज आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब सुटीस जातें, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. आम्हींही सहकुटुंब जाऊन आलों. त्यांत जें पाहण्याजोगें व विचार करण्याजोगें वाटलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बेटांचें मुख्य बंदर पोर्ट ब्लेअर. २०२४ सालीं त्याचें नांव श्रीविजयपुरम् असें ठेवण्यांत आलें. चेन्नईहून विमानानें सुमारें दोन तास, तर आगबोटीनें सुमारें तीन दिवस लागतात. बेटें फार पूर्वेकडे असून घड्याळ मात्र आपलेंच, त्यामुळें हिवाळ्यांत सायंकाळीं साडेपांचच्या आंत सूर्य मावळतो. उशिरां उठणाऱ्यांचा अर्धा दिवस तेथें फुकट जातो.

स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पूर्वीचें हॅवलॉक, येथील राधानगरचा किनारा सर्वांत प्रसिद्ध. आपला सह्याद्रि काळ्या कातळाचा. येथील वाळू मात्र पोवळ्यांच्या व शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणून ती पांढरी शुभ्र. उंच वृक्षांचें रान थेट वाळूपर्यंत उतरलेलें आहे. शहीद द्वीपावर पोवळ्यांच्या खडकाची नैसर्गिक कमान आहे. ती ओहोटीच्या वेळींच नीट पाहतां येते. तेव्हां निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्याव्या. पाण्यांत मगरींचीही वस्ती आहे. २०१० सालीं राधानगरच्या किनाऱ्यानजीक एका परदेशी स्त्रीचा मगरीनें बळी घेतला. ‘पोहूं नये’ अशी पाटी असेल तेथें मुलांचा हट्ट मुळींच चालूं देऊं नये.

मंगळासाठीं अंगठींत पोवळें घालण्याची चाल आपल्यांत आहे. तें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें. पण त्याचेंच भाईबंद येथें उथळ पाण्यांत जिवंत दिसतात. ही वनस्पति नव्हे, दगडही नव्हे. असंख्य चिमुकल्या प्राण्यांनीं मिळून बांधलेलें तें घर आहे, आणि त्याची वाढ अत्यंत मंद असते. एक बेसावध पाऊल पडलें कीं कित्येक वर्षांचें काम मोडतें. किनाऱ्यावरील पोवळीं उचलून आणणें तर वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हाच आहे.

आमच्या मुक्कामांत एकच वाद झाला, तो बारातांगविषयीं. तेथील चुनखडीच्या गुहा आणि चिखल ओकणारा ज्वालामुखी पाहण्यास मुलें उतावीळ होतीं. परंतु खुष्कीची वाट जारवा लोकांच्या राखीव रानांतून जाते. तेथें मोटारी पोलिसांच्या पहाऱ्यांत ताफ्यानें सोडतात आणि छायाचित्रें घेण्यास सक्त मनाई आहे. हे लोक १९९७-९८ च्या सुमारासच बाहेरच्यांत मिसळूं लागले. आमच्या रोगांची त्यांच्या शरीरांस संवय नाहीं. तरीही कांहीं प्रवासी गुहेपेक्षां त्यांनाच पाहण्याच्या आशेनें निघतात. कायद्यानें जातां येतें, मग कां जाऊं नये, असें तरुण मंडळींचें म्हणणें. तेव्हां मातुःश्री म्हणाल्या, “दुसऱ्याच्या माजघरांतून वाट काढून जायचें असेल, तर ती गुहा न पाहिलेलीच बरी.” आम्हीं बेत रद्द केला. मुलें दिवसभर रुसलीं, पण त्यांस कारण समजलें.

सेल्युलर जेल १९०६ सालीं बांधून पुरा झाला. सात रांगांपैकीं आतां तीनच उरल्या आहेत. कोठडीस एकच झरोका, आणि तोही हात न पोंचेल इतका उंच. नारळाचें तेल काढण्यास जेथें बैलाऐवजीं माणसें जुंपीत, तो कोलू मुलांस अवश्य दाखवावा. जाणाऱ्या कुटुंबांस आमची एकच सूचना आहे: पहिल्या दिवशीं कोठडी पाहावी, समुद्र दुसऱ्या दिवशीं. ज्यांस चहूंकडे समुद्र असून तो डोळेभर पाहतां आला नाहीं, त्यांची आठवण मनांत घेऊन किनाऱ्यावर उभें राहिलें, म्हणजे त्या निळ्या पाण्याचें मोल अधिक कळतें.