वाटण्यासाठी कमावलेला डिसेंबर

१६ डिसेंबर १९७५ रोजी फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी आदेश क्रमांक ८५१ काढला. देशात लष्करी कायदा लागू होऊन तीन वर्षे उलटली होती. तेलाच्या भडक्यानंतर सगळेच महागले होते, आणि किमान वेतन मात्र १९७० पासून वाढलेले नव्हते. त्याच ऑक्टोबरात मनिलातल्या ला तोंदेन्या या दारू गाळण्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी लष्करी राजवटीची पर्वा न करता संप केला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरकारने संपांवर बंदी घातली आणि सहा आठवड्यांनी हा आदेश आला. महिना १,००० पेसोंपर्यंत मूळ पगार असलेल्या प्रत्येक कामगाराला मालकाने एका महिन्याचा जादा पगार, म्हणजे तेरावा पगार, द्यायचा, आणि तोही २४ डिसेंबरच्या आत. कामगारांना नाताळ आणि नववर्ष नीट साजरे करता यावे, हे कारण आदेशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलेले आहे.

तारखा पाहण्यासारख्या आहेत. १६ डिसेंबरच्या पहाटे फिलिपिन्सभरच्या चर्चमध्ये सिम्बांग गाबी सुरू होते. नऊ दिवस रोज अंधारात उठून करायच्या या प्रार्थना २४ तारखेच्या पहाटे संपतात. आदेश निघाला तो व्रताच्या पहिल्या दिवशी आणि पैसे देण्याची मुदत ठरली ती शेवटच्या दिवसाची. ही जुळणी मुद्दाम केली की आपसूक झाली, कोण जाणे! पण गेल्या पन्नास वर्षांत कोट्यवधी माणसांच्या मनात ही दोन्ही वेळापत्रके एक होऊन गेली आहेत. देवाकडे मागायचे आणि मालकाकडून घ्यायचे, त्याच दिवसांत.

मार्कोस यांची सत्ता फेब्रुवारी १९८६ मध्ये गेली. त्यांच्या जागी आलेल्या कोराझोन आकिनो यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये १,००० पेसोंची मर्यादा काढून टाकली. राजवट उलथली, तेरावा पगार टिकला, इतकेच नव्हे तर व्यवस्थापकीय पदे सोडून खाजगी क्षेत्रातल्या सगळ्या नोकरदारांचा तो हक्क झाला. वर्षात एक महिना जरी काम केले असेल तरी त्या प्रमाणात तो मिळतो. घरकामगारांनाही २०१३ च्या कायद्याने तो मिळू लागला. हिशेब सरळ आहे, वर्षभरात मिळालेला मूळ पगार भागिले बारा. आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्यापासून चालत आलेला ८.३३ टक्क्यांचा किमान दर म्हणजेही वर्षाचा बारावा हिस्सा, पण त्याला पगाराची कमाल मर्यादा आहे आणि कामगारसंख्येची अट आहे. दिवाळीच्या बोनससाठी गेटसभा पाहिलेल्या मुंबई-ठाण्याच्या वाचकाला फिलिपिनो कामगाराच्या हातातला हा हक्क किती मोलाचा आहे ते वेगळे सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये मनिला महानगरातले किमान वेतन दिवसाला ६९५ पेसो झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर तेरावा पगार १८,००० पेसोंच्या आसपास जातो. या रकमेला पाय फुटायला वेळ लागत नाही. जूनपासून थकलेली उधारी, मुलांचे बूट, पावसाळ्यात उडालेला पत्रा, गावी जायचे बसभाडे किंवा बोटीचे तिकीट. आणि मग येतात ती धर्मबालके.

फिलिपिनो बाप्तिस्म्याला एकच धर्मपिता आणि एकच धर्ममाता असून भागत नाही. निनोंग आणि निनांग यांची यादी लांबते. त्यात मामा, मावशी, शेजारी, कारखान्यातला मुकादम, पोटापाण्याची सोय करून देऊ शकेल असा कुणी वजनदार माणूस, झालेच तर नगरसेवक. स्पॅनिश काळापासून चालत आलेल्या या नात्याला सोयरिकीइतकाच मान असतो, कारण अडीअडचणीला धावून येणारी माणसे जोडण्याचा तो मार्ग आहे. नाताळच्या सकाळी ही धर्मबालके नवे कपडे घालून येतात, वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला टेकवतात आणि उभी राहतात. त्यांच्या हातावर आगिनाल्दो ठेवायचा, म्हणजे ओवाळणीसारखी रोख भेट. नोट २० पेसोंची असो की १०० ची, ती कोरी करकरीत हवी. म्हणून डिसेंबरात बँकांच्या खिडक्यांवर नव्या नोटांसाठी झुंबड उडते. हल्ली बरेच निनोंग मोबाइलवरच्या जीकॅशमधून पैसे पाठवतात, आणि त्यामुळे लांबच्या धर्मबालकालाही चुकवता येत नाही.

कुणी म्हणेल, ही तर सक्ती झाली. थोडी आहेच. पण ज्याच्याकडे यंदा आले त्याने यंदा द्यायचे, हा या समाजाचा न लिहिलेला कायदा आहे आणि लिहिलेल्या कायद्यापेक्षा तो जुना आहे. तेरावा पगार मालकाकडून निघतो आणि आठवड्याभरात दहा घरांत पोचतो. आपल्याकडे आलेला पैसा एकट्यानेच जिरवणाऱ्याला तिथे कोणी हुशार म्हणत नाही.

या वाटपाचे सगळ्यात मोठे ताट म्हणजे नोचे बुएना, २४ च्या मध्यरात्रीनंतरचे घरचे जेवण. हॅम, लाल मेणात गुंडाळलेले एडामचे गोल चीज, गोडसर स्पॅगेटी, डब्यातल्या फळांचे सॅलड. व्यापार खाते दरवर्षी या पदार्थांचे दरपत्रक जाहीर करते, कारण हॅम महागले की सरकारला शिव्या बसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यापारमंत्री क्रिस्तिना रोके यांनी ५०० पेसोंत साधे नोचे बुएना होऊ शकते असे सांगितले आणि देशभर संताप उसळला. लोकांचा राग आकड्यावर होता तितकाच त्यामागच्या समजुतीवर होता. वर्षभर काटकसर करणाऱ्याला या एका रात्रीपुरती तरी काटकसर शिकवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती रास्त होती.

आतापर्यंत बोललो ते पगारपत्रकावर नाव असलेल्यांबद्दल. ज्याचे नाव कुठल्याच पत्रकावर नाही त्याचे काय? जीपनी ही प्रवासी गाडी चालवणारा, मासे विकणारी, बांधकामावर रोजाने जाणारा, घरी शिवणकाम घेणारी यांना तेरावा पगार देणारा मालकच नाही. सरकारी कचेरीत नियमित नोकराच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसालाही वर्षअखेरीचा बोनस लागू नाही. २०२४ च्या डिसेंबरात अशा कामगारांसाठी जास्तीत जास्त ७,००० पेसोंचे सानुग्रह अनुदान मंजूर झाले, तेही त्या वर्षाच्या खास आदेशाने. या सगळ्यांना आपला तेरावा पगार स्वतःच उभा करावा लागतो, आणि त्याची तयारी सप्टेंबरात सुरू होते.

फिलिपिन्समध्ये नाताळचे वातावरण १ सप्टेंबरपासून तयार होते, ही गोष्ट बाहेरच्यांना गमतीची वाटते. मॉलमध्ये होजे मारी चान यांची १९९० च्या ‘ख्रिसमस इन अवर हार्ट्स’ या संग्रहातली गाणी वाजू लागतात. चार महिन्यांचा हा सण उत्साहाचा आहेच, पण हातावर पोट असणाऱ्यांसाठी तो कमाईचा हंगाम आहे. हंगाम लांबला तर चार पैसे जास्त सुटतात.

पाम्पांगा प्रांतातल्या सान फेर्नान्दो शहरात महामार्गाच्या कडेला कंदिलांची दुकाने थाटली जातात. पारोल हा तिथला तारा-कंदील. बांबूच्या पट्ट्या आणि रंगीत पातळ कागद यांचा पंचकोनी तारा १९०८ मध्ये फ्रान्सिस्को एस्तानिस्लाओ या कारागिराने पहिल्यांदा केला असे सांगतात. आता कापिझ शिंपल्यांचे चकचकीत पारोल परदेशातही जातात. पण या शहराची खरी शान म्हणजे डिसेंबरात नाताळच्या आधी होणारी महाकंदिलांची स्पर्धा. सुमारे वीस फूट उंचीच्या एकेका कंदिलात हजारो बल्ब असतात आणि बँडच्या तालावर त्यांचे रंग फुलतात, मिटतात, गरगर फिरतात.

हे सारे चालते कसे, ते कंदिलाच्या मागे जाऊन पाहावे. तिथे पत्र्याची मोठी पिंपे आडवी बसवलेली असतात. बल्बांच्या प्रत्येक ओळीची तार एका केसांच्या पिनेला जोडलेली आणि त्या पिनांची टोके पिंपाला टेकलेली. पिंपावर जागोजागी चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात. पीन उघड्या पत्र्यावर आली की वीज वाहते आणि ओळ पेटते, पट्टीवर आली की विझते. माणसे हातांनी पिंप फिरवतात. कुठली पट्टी किती लांब, दोन पट्ट्यांत अंतर किती, यात नक्षीचे आणि तालाचे सारे गणित आले. रोडोल्फो डेव्हिड यांनी १९५७ मध्ये ही युक्ती काढली असे मानतात, आणि आजही वाड्यावाड्यांमधली मंडळी तिच्यावरच विसंबून आहेत. ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे हातोहात गेली आहे. तिच्यावर जगणारी कुटुंबे सप्टेंबर ते डिसेंबर रात्रीचा दिवस करतात.

चर्चबाहेरच्या खाद्यपदार्थांचेही तेच. पहाटे चार-साडेचारच्या प्रार्थनेतून बाहेर पडणाऱ्या गर्दीला गरम बिबिंगका मिळावी म्हणून विकणारीला मध्यरात्र उलटताच निखारे फुलवावे लागतात. केळीच्या पानावर तांदळाचे पीठ ओतायचे, खाली निखारे, वरच्या झाकणावर निखारे, आणि मधोमध खारवलेल्या अंड्याच्या चकत्या. शेजारच्या घमघमाटात पुतो बुम्बोंग असतो. जांभळ्या चिकट तांदळाचे पीठ बांबूच्या नळ्यांत वाफवून बाहेर काढतात आणि वर लोणी, काळपट साखर, खवलेले खोबरे घालतात. नऊ पहाटांची ही विक्री चांगली झाली तर घरच्या नोचे बुएनाचा खर्च निघतो.

इतरांचेही हात चालूच असतात. दिविसोरियाच्या घाऊक बाजारातून खेळणी आणि कपडे आणून गल्लीत विकायचे, ऑफिसातल्या पार्ट्यांसाठी बांबूच्या सुपात नूडल्स भरून द्यायच्या, लेचे फ्लान या गोड पदार्थाची ऑर्डर घ्यायची, फेसबुकवर लाइव्ह येऊन पर्सेस दाखवायच्या. दुकाने हंगामापुरते विक्रेते भरतात. ज्यांना हेही जमत नाही ते पालुवागानवर भिस्त ठेवतात. ही आपली भिशीच. दहा-बारा जणी दर पंधरवड्याला ठरावीक रक्कम काढतात आणि आळीपाळीने एकीला सगळी मिळते. डिसेंबरची पाळी आपल्या वाट्याला यावी म्हणून आधीपासून शब्द टाकून ठेवलेला असतो. ओळखीच्या चाळीत हा व्यवहार चोख चालतो. समाजमाध्यमांवर भरमसाट परताव्याचे गाजर दाखवणाऱ्या भिश्यांनी मात्र अनेकांचा नाताळ बुडवला आहे.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची लगबग वेगळी. हाँगकाँगमध्ये सुमारे दोन लाख फिलिपिनो घरकामगार आहेत, बहुतेक स्त्रिया. रविवारच्या सुट्टीत त्या सेंट्रल भागातल्या पदपथांवर पुठ्ठे अंथरून बसतात आणि तिथेच घरी पाठवायची बालिकबायान खोकी भरतात. डबाबंद मांस, चॉकलेटे, टूथपेस्ट, टॉवेल, पुतण्याचे बूट, आणि बुटांच्या पोकळीत मोजे. एक इंच जागा वाया जात नाही. आखातातून किंवा अमेरिकेतून ही खोकी बोटीने यायला महिना-दोन महिने लागतात, म्हणून नाताळचे खोके सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते. ऑगस्ट २०१५ मध्ये सीमाशुल्क खाते ही खोकी उघडून तपासणार अशी बातमी आली आणि परदेशातल्या फिलिपिनोंनी असा काही गदारोळ केला की अध्यक्षांना सरसकट उघडझडती थांबवावी लागली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने वर्षातून तीन वेळा मिळून १,५०,००० पेसोंपर्यंतचा माल करमुक्त झाला. जहाजावर फिलिपिनो खलाशांबरोबर वर्षे काढलेल्या गोव्याच्या तारवट्यांना या खोक्यांची ओढ चांगली ठाऊक आहे.

पैशाचे मान पाहिले तर २०२४ मध्ये बँकांमार्फत ३,४४९ कोटी डॉलर मायदेशी आले. त्यांतले ३३८ कोटी एकट्या डिसेंबरातले, वर्षातल्या कुठल्याही महिन्याहून अधिक. त्यासाठी जादा पाळ्या केल्या जातात, कर्जही काढले जाते. घरी मात्र सगळे ठीक चालले आहे असेच कळवले जाते.

या उत्सवाची एक बाजू फार बोचते. डिसेंबरात मनिलाच्या रस्त्यांवर मुले बाटल्यांची चपटी केलेली झाकणे तारेत ओवून आणि दुधाच्या डब्यांचे ढोल करून नाताळची गाणी म्हणत पैसे मागतात. शेजारच्या घरांतली मुलेही असतात आणि दक्षिणेकडून आलेली सामा-बाजाऊ कुटुंबेही, जी गाड्यांमधून वाट काढत भीक मागतात. १९७८ चा अध्यक्षीय आदेश १५६३ सांगतो की भिकाऱ्याला थेट भीक देणाऱ्याला २० पेसोंपर्यंत दंड होऊ शकतो. द्यायचे असेल तर संस्थेमार्फत द्या, असे समाजकल्याण खाते दर नाताळला बजावते. एकाच राज्यकर्त्याने तीन वर्षांच्या अंतराने एक देणे सक्तीचे केले आणि दुसरे गुन्हा ठरवले. रस्त्यातल्या मुलांचा जीव धोक्यात असतो हे खरे, पण ज्या कुटुंबाला पगारपत्रकही नाही आणि संस्थेचा पत्ताही नाही, त्याच्यासाठी या व्यवस्थेत दार कुठे आहे?

तरीही आशा आटत नाही. सोशल वेदर स्टेशन्स ही संस्था दर वर्षअखेरीला लोकांना विचारते की यंदाचा नाताळ आनंदाचा जाईल का. २०१९ मध्ये ७९ टक्के हो म्हणाले होते, महासाथीच्या २०२० मध्ये अवघे ५० टक्के. पण येणाऱ्या वर्षाकडे आशेने पाहता की भीतीने, या प्रश्नावर त्याच काळवंडलेल्या डिसेंबरात ९१ टक्क्यांनी आशेने असे उत्तर दिले. २०२४ अखेरीला हे आकडे अनुक्रमे ६५ आणि ९० होते. आज आनंद नाही असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस उद्याबद्दल मात्र हार मानत नाही. १६ डिसेंबर २०२१ ला, सिम्बांग गाबीच्याच पहिल्या दिवशी, ओदेत वादळ सिआर्गाव, बोहोल आणि सेबूवर कोसळले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. छपरे उडाल्यावरही तिथल्या लोकांनी नऊ पहाटा पाळल्या.

जानेवारीत हिशेब पुढ्यात येतो. गहाणवटीच्या दुकानांत अंगठ्या आणि मोबाइल जमा होतात. म्हणूनच फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये चौदाव्या पगाराचे विधेयक पुन्हा पुन्हा येते. विसेंते सोत्तो यांनी मांडलेल्या मसुद्यात तेरावा पगार जूनमध्ये, शाळांच्या खर्चाच्या वेळी, आणि चौदावा नाताळला अशी योजना आहे. लहान उद्योगांचे मालक म्हणतात, आम्हाला तेरावाच जड जातो. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र या वादात दोन्ही पक्ष ज्यांच्याविषयी बोलतात ते सगळे नोकरदार आहेत. बिबिंगका विकणारीला आणि जीपनीवाल्याला निदान तेरावा कुठून मिळेल, या प्रश्नावर त्या मसुद्यात एकही कलम नाही. चौदाव्यावर मतदान होण्याआधी ते कलम लिहिले जायला हवे.