विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी

पावसाळा सुरू झाला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून विंचू चावलेले रुग्ण येऊ लागतात. कुणी लाकडाच्या मोळीत हात घातलेला असतो, कुणी बांधाचा दगड उचललेला असतो. नातेवाईक इंजेक्शनचा आग्रह धरतात. पण विष अंगात भिनल्याची लक्षणे दिसली, तर आधी द्यायची असते प्राझोसिनची साधी गोळी. ही गोळी मुळात उच्च रक्तदाबासाठी आली. विंचवाशी तिचे नाते जुळले ते कोकणात.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या दहा रुग्णांपैकी तीन-चार दगावत. बावस्कर रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवत राहिले. हृदय थकते, फुप्फुसात पाणी साठते आणि त्यातून मृत्यू ओढवतो, हे त्यांना दिसले. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

यामागचे कारण शरीरक्रियाशास्त्राने सांगितले. विषामुळे ॲड्रेनॅलिनसारखी रसायने रक्तात भसाभस मिसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो. मग प्रश्नच बदलला. विष उतरवायचे कसे, याऐवजी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या कशा? ते काम करणारे औषध रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आधीच तयार होते. प्राझोसिनच्या वापराने मृत्यूचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आले.

पुढे घोड्यांच्या रक्तातून बनवलेली विंचूप्रतिविष लसही आली. डॉ. बावस्कर पती-पत्नींनी ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा लस आणि प्राझोसिन मिळून दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, असे तिने दाखवले. नवे आले म्हणून जुने मोडीत निघाले नाही. दोन्हींची सांगड बसली.

आपण एवढे लक्षात ठेवावे: दंशाच्या जागी नुसती ठणक असेल, तर धोका सहसा कमी असतो. मात्र दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय किंवा धाप दिसली, तर उतारा, मंत्र यांत वेळ घालवू नका. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात आणा. गोळी घरी स्वतःहून देऊ नका; तिचे प्रमाण वजनावर ठरते आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. ज्ञान बिरवाडीहून इथवर पोहोचले आहे. रुग्ण वेळेत पोहोचला, तरच ते उपयोगी पडेल.