मलई नसलेली मलई

पहिल्यांदा हा पदार्थ बिघडला तो माझ्या आळसापायी. लिंबाचा रस, साखर, पाणी, व्होडका आणि फसफसणारी वाइन असं सगळं एकाच डब्यात ओतलं, ढवळलं आणि डबा फ्रीझरमध्ये सरकवला. पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत आपोआप गोठेल असा हिशेब होता. चार तासांनी झाकण काढलं तर वर काचेसारखी बर्फाची खपली, खाली बर्फगार पाणी आणि वाइनचे बुडबुडे कधीच पसार झालेले. पाहुण्यांना शेवटी बडीशेप दिली.

फजिती झालेल्या या पदार्थाचं नाव स्ग्रोप्पीनो, गाव व्हेनिस. लिंबाचं सॉर्बे, थोडी व्होडका आणि त्याच प्रांतातली प्रोसेको ही वाइन एकत्र फेटायची आणि उंच ग्लासात द्यायची. मासे खाऊन झाल्यावर पुढच्या पदार्थाआधी, नाहीतर जेवणाच्या अगदी शेवटी. व्हेनिसच्या बोलीत ‘स्ग्रोपार’ म्हणजे गाठ सोडवणं. भरल्या पोटातली गाठ सोडवणारा, म्हणून हे नाव. सोळाव्या शतकातल्या सरदारांच्या पंगतीत तो असायचा असं तिकडे सांगतात. असेलही, पण आजच्या रूपात नसणार. आजची प्रोसेको मोठ्या बंद टाकीत फसफसवतात आणि त्या पद्धतीचं पेटंट फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी घेतलं ते १८९५ मध्ये. सॉर्बे मात्र जुनं आहे. अरबीतल्या ‘पिणे’ या धातूपासून निघालेला शब्द तुर्कस्तानमार्गे इटलीत जाऊन सोर्बेत्तो झाला आणि फारसीमार्गे आपल्याकडे येऊन सरबत. आपण ते पीत राहिलो, त्यांनी ते गोठवलं.

कोडं असं की नीट जमलेला स्ग्रोप्पीनो तोंडात घेतला तर घरच्या सायीचं काहीतरी खातोय असं वाटतं, आणि मूळ कृतीत सायीचा थेंब नाही. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. मग हा मऊसूतपणा येतो कुठून?

उत्तर बर्फाच्या कणांच्या आकारात आहे. साधारण ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही, बारीक कण जिभेला सुटे जाणवत नाहीत. त्यांचा मिळून एक दाट, गुळगुळीत लेप वाटतो. कण त्याहून मोठे झाले की कचकच सुरू होते. वीज बराच वेळ गेली आणि परत आली की फ्रीझरमधलं आइस्क्रीम रेतीसारखं लागतं, त्याचं कारणही हेच. अर्धवट वितळताना बारीक कण आधी नाहीसे होतात, आणि पुन्हा गोठताना ते पाणी उरलेल्या मोठ्या कणांवर जाऊन बसतं. मोठे आणखी मोठे होतात.

म्हणजे दोन गोष्टी साधायच्या: कण बारीक ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये न गोठलेला पाक शिल्लक ठेवायचा, कणांना एकमेकांवरून घसरता यावं म्हणून. पाक शिल्लक राहतो तो साखरेमुळे. पाणी शून्य अंशाला गोठतं, पण त्यात काहीही विरघळवलं की गोठणबिंदू खाली जातो. किती खाली, याचा साधा नियम फ्रान्स्वा-मारी राऊल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात बसवून दिला. त्यातली गंमत अशी की विरघळलेला पदार्थ कोणता याला फारसं महत्त्व नाही, त्याचे रेणू किती हे महत्त्वाचं. एक किलो पाण्यात एक मोल रेणू विरघळले की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. तिथे वजनाला मान नाही, डोकी मोजली जातात.

आता डोकी मोजू. चार ग्लासांसाठी मी ५०० ग्रॅम सॉर्बे घेतो. त्यात सुमारे १४० ग्रॅम साखर असते. साखरेचा रेणू बोजड, एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम. म्हणजे ०.४१ मोल. वर ६० मिलिलिटर व्होडका आणि २०० मिलिलिटर वाइन. दोन्हींतलं मिळून शुद्ध अल्कोहोल जेमतेम ३६ ग्रॅम. पण त्याचा रेणू अंगाने लहान, मोलला ४६ ग्रॅम. म्हणजे ०.७८ मोल. वजनात साखरेच्या चौथाई, संख्येत जवळजवळ दुप्पट! साखर आणि अल्कोहोल मिळून ग्लासाचा गोठणबिंदू उणे ४ अंशांच्या आसपास नेऊन ठेवतात, आणि त्यात अल्कोहोलचा वाटा मोठा. त्याच्या वर तापमान गेलं की ग्लासात बर्फाचा एक कणही टिकणार नाही. पुण्याच्या मे महिन्यात हा पदार्थ गच्चीवर का देऊ नये, ते या आकड्यात आलं.

माझा पहिला डबा का फसला, तेही इथेच कळतं. अल्कोहोल आधीच घातल्यामुळे गोठणं उशिरा सुरू झालं, आणि डबा ढवळायला कोणी नसल्यामुळे जे थोडे कण तयार झाले ते निवांत वाढत बसले. अल्कोहोल शेवटी घालायचं. आधी सॉर्बे.

२०० ग्रॅम साखर ३५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून गार करायची. त्यात १५० मिलिलिटर लिंबाचा रस. आठ-दहा कागदी लिंबं लागतात. साखर डोळ्यांना जास्त वाटेल, पण हात आखडू नका. जिभेवर गोडाची खबर पुढे पाठवणारं टीआरपीएम-५ नावाचं प्रथिन थंडीत मंदावतं. वितळलेलं आइस्क्रीम गुळमट लागतं ते त्यामुळेच. मिश्रण पसरट स्टीलच्या थाळ्यात ओतायचं. थर पातळ असला की उष्णता लवकर निघते आणि एकाच वेळी पुष्कळ कण जन्मतात. कण जितके जास्त, तितका प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पाण्याचा हिस्सा कमी. दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहायचं. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. चमचाभर घातलं तर पाक दाट होतो आणि कणांची वाढ आणखी मंदावते.

आमच्या घरी हे खरवडण्याचं काम लाकडी बादलीचा पॉट करायचा. मधल्या डब्यात आटवलेलं दूध, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, आणि दांडा फिरवायला रांगेत उभी भावंडं. त्या मिठाचं काम आम्ही चुकीचं समजत होतो. मिठाने बर्फ ‘टिकतो’ अशी आमची समजूत. खरं तर मीठ बर्फाला वितळवतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, ती तो आजूबाजूने ओढून घेतो, आणि मिठाच्या पाण्यात गोठणबिंदू खाली गेलेला असल्यामुळे तापमान शून्याला थांबत नाही. प्रमाण नेमकं साधलं तर उणे २१ अंशांपर्यंत उतरतं.

ही युक्ती इटलीत आधी शिकली गेली ती दारूवरच! नेपल्सच्या जाम्बातिस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ च्या ‘मागिया नातुरालिस’च्या आवृत्तीत लिहून ठेवलं आहे: वाइनमध्ये थोडं पाणी घालावं, काचेच्या कुपीत भरावी, आणि सोरा टाकलेल्या बर्फात ती कुपी फिरवत राहावी, वाइन हळूहळू थिजते. पाणी घातल्यावर लवकर थिजते हे त्याला ठाऊक होतं. राऊलचा नियम यायला अजून तीनशे वर्षं होती. सोऱ्याने पाणी गार करणं आपल्याकडे अकबराच्या दरबारातही चालायचं, ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचं वर्णन आहे. पुढे नेपल्सच्याच अंतोनियो लातिनीने १६९० च्या दशकात छापलेल्या पाकपुस्तकात सॉर्बेच्या कृती दिल्या.

आता फेटणं. काचेचं भांडं अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावं. व्होडकाही तिथेच, ४० टक्के अल्कोहोलमुळे ती उणे २७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि घरचा फ्रीझर साधारण उणे १८ चा. सॉर्बे भांड्यात घेऊन हाताने फेटायचं. मिक्सर नको, त्याची पाती मिश्रण तापवतात. व्होडका धारेने सोडली की बर्फावर अल्कोहोलही मिठासारखंच वागतं: थोडा बर्फ वितळवतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतं. म्हणून सगळं आधीपासून गार असेल तर दारू ओतल्यावर भांडं कोमट होण्याऐवजी आणखी थंड होऊ शकतं. मला हे थर्मामीटर लावून बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

वाइन सगळ्यात शेवटी, भांड्याच्या कडेने. प्रोसेकोच हवी असा माझा हट्ट नाही. नाशिकची फसफसणारी वाइन छान चालते. बर्फाचा प्रत्येक कण बुडबुड्याला जन्माची जागा देतो, त्यामुळे घाईने ओतली तर सगळं भांड्याबाहेर उतू जातं. सावकाश ओतली तर बुडबुडे दाट पाकात आणि कणांच्या गर्दीत अडकून राहतात. बारीक बर्फ, दाट पाक आणि अडकलेली हवा: जिभेने ज्याला मलई म्हटलं ते हे त्रिकूट.

तरी काहीजण खरीखुरी साय घालतातच, आणि तिथे आपल्या घरांतला रास्त प्रश्न येतो: लिंबाने दूध फाटतं, मग हे का नाही फाटत? दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लता ४.६ पीएचच्या आसपास आली की गोळा होतं. पनीर असंच तर करतो. लिंबाचा रस त्याहून कितीतरी आंबट, आणि अल्कोहोल केसीनला आणखी अस्थिर करतं. दूध संकलन केंद्रावर दुधात अल्कोहोल घालून ते फाटतं का बघतात, ती परीक्षा याच तत्त्वावर चालते. पण घट्ट क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर आणि केसीन थोडं. त्यामुळे ते फाटून पाणी सोडण्याऐवजी नुसतं दाटतं. दूध घालाल तर चोथा होईल. फेटलेलं क्रीम हवं असेल तर ३० टक्क्यांहून जास्त स्निग्धांशाचं घ्या. नेहमीचं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. माझं मत विचाराल तर साय नकोच. ती लिंबाची धार बोथट करते.

लिंबाबद्दलही एक कबुली. इटलीचं पिवळं लेमन आणि आपलं कागदी लिंबू ही वेगळी झाडं. लेमन हे आंबट संत्रं आणि महाळुंग यांचं अपत्य. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच महाळुंग. आपलं लिंबूही महाळुंगाचंच, पण दुसऱ्या जोडीदारापासून झालेलं. म्हणजे सावत्र भावंडं. वास फरक दाखवतो. तो वास सालीच्या तेलात असतो आणि तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून किसलेली साल व्होडकात दोन तास भिजवून गाळून घ्या. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू.

व्होडकासाठी आपल्या राज्यात वयाची अट २५ ची आहे आणि परवानाही लागतो. घरातल्या भाच्यांसाठी म्हणून मी बिनदारूचा प्रयोग केला. त्या ३६ ग्रॅम अल्कोहोलची जागा मिठाने घ्यायची तर २३ ग्रॅम मीठ लागतं, आणि मग ग्लासात जवळपास समुद्राचं पाणी तयार होतं. शेवटी चिमूटभर मीठ, ग्लुकोज थोडं वाढवून आणि वाइनऐवजी गार सोडा. तो ग्लास जरा रवाळ होतो. भाच्यांची तक्रार नव्हती.

उरलेला ग्लास मात्र परत फ्रीझरमध्ये ठेवू नये. मी एकदा ठेवला. सकाळी त्यातल्या बर्फाचे टोकदार पापुद्रे झाले होते. वरचा तुकडा चोखून पाहिला तर जवळजवळ फिका, कारण पाणी गोठताना साखर, आंबटपणा आणि दारू यांना बाहेर ढकलतं. ती सगळी मंडळी तळाशी चार चमचे पिवळसर पाकात जमली होती. तो पाक चांगलाच कडक लागला, आणि सकाळचे साडेसात वाजले होते.