उंच भिंती आणि दुसरा दोर

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीला भिंती धुण्याचा प्रश्न आरंभी पडलाच नव्हता. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर आकुर्डी-भोसरीच्या माळावर जे कारखाने उभे राहिले ते आडवे पसरलेले होते. करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि शेजारी बुटकी कचेरी. भिंत मळली की शिडी लावावी आणि रंगाचा हात फिरवावा, एवढेच काम. चाकणचे कारखानेही बहुतांशी पसरटच आहेत. परंतु महामार्गाच्या कडेने वाकडपर्यंत आणि पलीकडे हिंजवडीत कचेऱ्यांच्या ज्या इमारती उठल्या, त्यांचे अंग काचेचे आणि पत्र्याच्या चकचकीत तावदानांचे आहे. वाहनांचा धूर, शेजारच्या बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ आणि पावसाळ्यातील शेवाळ यांनी ते अंग वर्षभरात काळवंडते. मग दसरा-दिवाळीच्या तोंडावर गच्चीवरून दोर सुटतात आणि त्या दोरांना माणसे लटकतात.

आतल्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाला खिडकीबाहेर क्षणभर एक चेहरा दिसतो, आणि तो खाली सरकला की विसरला जातो. या माणसाच्या बुडाखाली लाकडी फळी असते, कमरेला बादली असते आणि हातात खालच्या किंवा गच्चीवरच्या पंपातून आलेली नळीची बंदूक. दहा मीटर उंचीवरील टाकीमुळे खालच्या नळाला जेवढा दाब मिळतो, त्याच्या सुमारे दीडशे पट दाबाने या बंदुकीतून पाणी सुटते. मिनिटाला पंधरा लिटर पाणी अशा वेगाने पुढे गेले की धरणाऱ्याला मागे सुमारे चार किलो वजनाइतका रेटा बसतो. जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला त्याचे काहीच वाटणार नाही. अधांतरी लोंबकळणाऱ्याला मात्र तो भिंतीपासून दूर ढकलतो. तो झोके घेतो, आणि प्रत्येक झोक्यागणिक वर कठड्याच्या धारदार कडेवर दोर घासला जातो. यंत्राने खाली-वर होणारा पाळणा जेथे पोहोचतो तेथे हा धोका पुष्कळ कमी असतो. परंतु बाहेर आलेले सज्जे, आत दबलेले कोनाडे, शोभेसाठी लावलेल्या उभ्या पट्ट्या, वातानुकूलन यंत्रांच्या अरुंद खाचा अशा ठिकाणी पाळणा जात नाही. तेथे माणूसच जातो.

या अवघड जागा निसर्गाने निर्माण केलेल्या नाहीत. त्या कोणीतरी कागदावर आखलेल्या आहेत. वास्तुविशारदाने एक रेघ बाहेर काढली आणि मालकाने तिच्यावर खूश होऊन सही केली, त्या वेळी ही भिंत पुढे कोण आणि कशावर उभा राहून धुणार, हा प्रश्न त्या खोलीत विचारला जावयास हवा होता. न्यूयॉर्कमधील लिव्हर हाउस ही इमारत १९५२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या खिडक्या न उघडणाऱ्या होत्या, म्हणून तिच्या काचा धुण्यासाठी छतावरून सुटणारा यांत्रिक पाळणा इमारतीबरोबरच योजण्यात आला. मालक साबणाची कंपनी, तेव्हा स्वच्छतेचे प्रदर्शन हा तिचा व्यापारही होता हे खरे. पण उंच काचेच्या इमारतींची फॅशन आपण उचलली आणि तिच्यासोबतचा पाळणा पुष्कळदा तिकडेच ठेवला, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

कायदा याबाबत मुका आहे असे मुळीच नाही. बांधकाम कामगारांसाठी केलेल्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत, इमारतीच्या देखभालीत विशेष धोके संभवत असतील तर त्यांचा विचार आराखडा करणाऱ्यांनी आधीच केला पाहिजे, असे कर्तव्य घातलेले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यातही हे कर्तव्य कायम आहे. अडचण आहे ती संख्येची. या संहितेतील कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० कामगारांपासून पुढे लागू होते. भिंत धुणारी टोळी असते पाच-सहा जणांची. इमारतीचा मालक काम देखभाल कंपनीला देतो, ती ठेकेदाराला देते आणि ठेकेदार टोळीला. या उतरंडीत जबाबदारी प्रत्येक पायरीवर थोडी थोडी झिजते आणि दोरापर्यंत येताना तिचा पत्ता लागत नाही. कारखान्याच्या आवारात १९४८ च्या कायद्याने उंचीवरच्या कामासाठी कठडा किंवा अन्य संरक्षण देणे भोगवटादाराचे कर्तव्य ठरवले होते. ते नीट पाळले गेले की नाही हा निराळा विषय. निदान कोणाला विचारायचे हे तरी ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट. काच आणि तावदाने धुण्यास एवढा दाब लागतोच असे नाही. मृदू साबण, ब्रश आणि हलकी धार बहुधा पुरते. जोराचे पाणी तावदानांच्या सांध्यांतील भरण उखडते आणि पुढच्या पावसात आत ओल येते. शिवाय वरील हिशेबाने सहा तास अखंड धार चालली तर ५,४०० लिटर पाणी लागते, आणि या शहराला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी मिळू लागले. शुद्धीकरण प्रकल्पातील पाणी वापरावे हा उपाय रास्त आहे. मात्र त्याचे तुषार धुणाऱ्याच्या नाकातोंडात जातात, म्हणून ते आधी चांगले निर्जंतुक केलेले असले पाहिजे.

महापालिकेने उंच व्यापारी इमारतीचा नकाशा मंजूर करताना त्याच्याबरोबर एक जादा पान मागावे. गच्चीवर दोर अडकवण्याच्या पोलादी कड्या कोठे आहेत, त्या किती भार सोसतात, आणि प्रत्येक भिंतीला माणूस कोणत्या मार्गाने पोहोचणार, हे त्या पानावर दिसावे. बांधकामाच्या खर्चात या कड्यांची किंमत नगण्य आहे. जुन्या इमारतींनाही त्या मागाहून बसवता येतात. कामाचा एक दोर आणि बचावाचा दुसरा दोर, दोन्ही वेगवेगळ्या कड्यांना बांधलेले, ही या कामाची जगभर मानलेली रीत आहे. अंगावरील पट्ट्यांसाठी भारतीय मानक ३५२१ आहे आणि तशा पट्ट्या बाजारात मिळतात. कंत्राट देणाऱ्या कचेरीच्या व्यवस्थापकाने काम सुरू होण्यापूर्वी गच्चीवर जाऊन दुसरा दोर आहे का, आणि तो पाण्याच्या टाकीच्या पाइपाला तर बांधलेला नाही ना, एवढे पाहावे. त्याला दहा मिनिटेही लागणार नाहीत.